खालच्या पायरीवरचे बूट

बुटाला नऊ जोड भोकं होती. म्हणजे एका बुटाला अठरा, दोन्ही मिळून छत्तीस. हे मी अंदाजानं सांगत नाही, मोजलेली आहेत. शिरोलीच्या एका फौंड्रीत मी तपासणी विभागात काम करतो. दिवसभर बिडाचे तुकडे मायक्रोमीटरनं मोजणाऱ्या माणसाला घरी आल्यावर समोरची वस्तू न मोजता राहता येत नाही.

बूट बाईंचे. बाई आमच्या वरच्या मजल्यावर सात वर्षं भाड्यानं राहिल्या. मूळच्या चंदगडकडच्या, वय पन्नाशीच्या पुढचं, एकट्या. एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवायचं काम करायच्या. अंगावर सुती साडी, तीही घोट्याच्या वर चार बोटं नेसलेली, आणि खाली हे काळे, जाड तळव्याचे, नडगीपर्यंत चढणारे नाडीचे बूट. तळव्याला कडेनं पिवळा दोरा घातलेला. पावसाळा असो, उन्हाळा असो, ऑफिस असो, भाजी मंडई असो, पायांत तेच, आणि तेही तीस वर्षं, असं त्याच सांगत. दुसरा एक जोड होता, पिकलेल्या करवंदाच्या रंगाचा. तो सणाला आणि लग्नाला.

कोल्हापुरात राहून पायात चप्पल नाही, हे आमच्या मंगळवार पेठेत लोकांना खपत नसे. एकदा कोपऱ्यावरच्या टपरीवर कुणीतरी तसं बोललं. बाई चहा पीत होत्या. कप खाली न ठेवता म्हणाल्या, "कोल्हापुरात राहून तुम्ही सगळे पैलवान झालाय व्हय?" बोलणारा बारीक चणीचा होता. पुन्हा बोलला नाही.

बूट का घालता, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला त्या वेगळं कारण सांगत. रिक्षावाल्यानं विचारलं, "म्याडम, मिल्ट्रीत हाय काय?" तर म्हणाल्या, "व्हय. रजेवर आलोय." (आमच्याकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्याही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत.) शेजारच्या काकूंना सांगितलं, नवस हाय. पाण्याचं बिल घेऊन येणाऱ्याला सांगितलं, आमच्या चंदगडला जळवा लई, सवय लागली. सात वर्षांत अशी अकरा कारणं माझ्या कानावर आली. अकरावं मलाच सांगितलेलं. मी एकदा सरळ विचारलं, तर म्हणाल्या, "आवडत्यात की, घरमालक." मला वाटतं तेच खरं होतं, आणि तेवढ्यानं कुणाचं समाधान होत नाही म्हणून बाकीची दहा लागली.

रविवारी सकाळी गच्चीवर पॉलिशचा कार्यक्रम असे. रेडिओ लावून, तळव्याच्या पिवळ्या दोऱ्यावरून जुना टूथब्रश फिरवत बसत. पावसाळ्यात बूट ओले झाले की छापखान्यात चुकीच्या छापलेल्या लग्नपत्रिकांचे बोळे करून आत कोंबत. कागद जाड, पाणी चांगलं शोषतो, असं त्यांचं म्हणणं. जुलै-ऑगस्टात आमच्या जिन्यात कुणाचं ना कुणाचं तरी शुभमंगल बुटात वाळत पडलेलं असे.

लग्नाला जात, पण मंगलाष्टकं चालू असताना दारातच उभ्या राहत. बूट काढून आत जाईपर्यंत लग्न लागून जाई. तिथूनच अक्षता फेकत. "लांबनं टाकल्या तरी डोस्क्यावरच पडत्यात," म्हणत.

गेल्या काही वर्षांत शहरातल्या कॉलेजच्या मुलीही असे बूट घालायला लागल्या. काळे कपडे, बोटांत चांदीच्या जाड अंगठ्या, आणि ऑनलाइन मागवलेले बूट. त्यांना बाईंचा पत्ता कसा लागला माहीत नाही. एका रविवारी चार मुली फाटकात उभ्या. दोघींच्या टाचा सोलून निघालेल्या. बाईंनी त्यांना पायरीवर बसवलं, टाचेला आतून खोबरेल लावायला शिकवलं, दोन-दोन मोजे घाला म्हणाल्या, दिवसाला एक तासच घाला म्हणाल्या. "नवा बूट म्हंजे नवी सून न्हवं, चार दिवसांत मुकाट नांदाय लागंल. हा सहा महिने भांडतोय." मग नाडी शिडीसारखी आडवी कशी ओवायची ते दाखवलं. त्यांतल्या एकीनं बाईंच्या साडीचा आणि बुटांचा फोटो काढून फोनवर टाकला. आठवड्यानं ती सांगायला आली की अठराशे लोकांनी बघितला. बाई म्हणाल्या, "अठराशे माणसांनी माझे पाय बघितले, आणि एकानं पण नमस्कार केला न्हाय."

आता नाडीच्या बुटांची आमच्या घरातली खरी अडचण सांगतो.

आमचा जिना बाहेरून आहे, सतरा पायऱ्यांचा. त्या जिन्याच्या खाली, भिंतीच्या आतल्या बाजूला आमचं देवघर होतं. देवांच्या डोक्यावरून पायताण जायचं नाही, हा माझ्या आईचा नियम. आई गेली तरी नियम राहिला. वर राहणाऱ्यानं खालच्या पायरीशी चपला काढायच्या आणि अनवाणी वर जायचं. चपलांना एक सेकंद लागतो. बाईंना संध्याकाळी बूट काढायला चार मिनिटं आणि सकाळी घालायला सहा. त्यांनी सात वर्षांत एकदाही कुरकुर केली नाही. खालच्या पायरीवर पदर खोचून बसायच्या आणि एकेक भोक सैल करायच्या. तेवढ्या वेळात ज्याला बाईंशी बोलायचं असेल त्यानं बोलून घ्यावं. दूधवाला, काकू, इस्त्रीवाला, सगळे त्या चार आणि सहा मिनिटांतच गाठत. एरवी त्या थांबत नसत.

माझे वडील, तात्या, त्या पायरीशेजारी खुर्ची टाकून बसत. पंपाच्या कारखान्यात टर्नर होते. पण पेठेत त्यांना ओळखत ते फेट्यासाठी. लग्नसराईत सकाळी सहापासून दारात माणसं. अकरा हात कापड हातात घेऊन नवरदेवाच्या डोक्याकडे एकदा बघत, की तीन मिनिटांत फेटा उभा. बोटं अशी चालत की कुठली पुढे आणि कुठली मागे ते कळत नसे.

बाई आल्या त्याच्या सहाव्या वर्षी संक्रांतीच्या आठवड्यात तात्यांना झटका आला. जीव वाचला, काठीनं चालायला लागले, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. चार शब्द बोलत, तेही घरात. फोन हातात धरेनात. कुणी आलं की तोंड फिरवून बसत. डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला, रोज दाबायला. म्हणाले, बोटं हलली तर वर्षभरात हलतील, नंतर अवघड.

मी एक वही सुरू केली. सदऱ्याला पुढे सहा बटणं. रोज सकाळी तात्या स्वतः किती लावतात ते लिहायचं. पहिले दोन महिने शून्य. सातची बस गाठायच्या घाईत मी उरलेली बटणं लावून द्यायचो, आणि तात्या भिंतीकडे बघत उभे राहायचे. बापाच्या सदऱ्याची बटणं लावताना कुठे बघावं, ते मलाही कळत नसे.

एप्रिलात एक बटण. जूनमध्ये दोन. गणपतीत चार. संध्याकाळी विचारायचो, "तात्या, चेंडू किती वेळा दाबला?" ते मान हलवायचे. मी लिहायचो, वीस वेळा.

दसऱ्याच्या आधी घराला रंग काढला. आमच्या हिचं बरेच दिवस चाललं होतं की देवघर ईशान्येला पाहिजे. भटजींना विचारून देव हलवले. रंगाऱ्यानं जिन्याखालची मोकळी भिंत रंगवली आणि माझ्या लक्षात आलं, आता जिन्याखाली देवच नाहीत. नियमाचं कारण संपलं. मी हिशेब केला. रोजची दहा मिनिटं, महिन्याचे सव्वीस दिवस, वर्षाचे बरोबर बावन्न तास. बावन्न तास आमच्या घरानं दर वर्षी त्या बाईंना दगडी पायरीवर बसवलं होतं. मला वाईट वाटलं. मी चपलांची लोखंडी मांडणी आणली, वरच्या दारापाशी ठेवली, शेजारी एक स्टूल ठेवलं, आणि बाईंना सांगितलं, उद्यापासून बूट घालूनच वर जायचं.

बाई मांडणीकडे बघत राहिल्या. "लई केलंत," म्हणाल्या. मला वाटलं, आभार मानताहेत.

दिवाळीपर्यंत चाराचं तीन झालं. मग दोन. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी तात्यांनी सदरा हातातच धरून ठेवला आणि एकही बटण लावलं नाही. ही म्हणाली, थंडी पडली आहे, बोटं आखडली असतील. डॉक्टर म्हणाले, कधी कधी होतं असं. पण कारखान्यात सलग माल नापास व्हायला लागला की आम्ही 'कधी कधी होतं' म्हणत नाही. कुठल्या तारखेपासून झाला ते बघतो, आणि त्या तारखेला काय बदललं ते बघतो. दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन बसलो. दसऱ्याच्या आधीच्या मंगळवारपर्यंत चार. त्यानंतर उतार. औषध तेच, जेवण तेच, चेंडू तोच. मंगळवारी एकच गोष्ट झाली होती. मांडणी वर गेली होती.

हे कसं जोडायचं ते मला कळेना. आमची ही शाळेच्या कचेरीत असते, सहाला येते. मीही सहाला येतो. दुपारी तात्यांकडे शेजारच्या काकू डोकावतात. मी काकूंकडे गेलो.

काकू चकल्या तळत होत्या. म्हणाल्या, "आता इचारतोयस व्हय? अरे, बाई आणि तात्या रोज पायरीवर बसत होते की! सव्वापाचला बाई यायच्या, पाय म्होरं करून बसायच्या, आणि तुझा बा नाडी सोडायचा."

"कुठल्या हातानं?"

"उजव्या. डाव्यानं धरला की बाई वरडायच्या. डाव्यानं कोण बी सोडतंय, म्हणायच्या. पयल्यांदा गाठच सोडली नुसती, त्यालाच अर्धा तास गेला. मग एक भोक, मग दोन. मारामारी चालायची दोघांची. त्ये शिव्या घालायचे, ह्या हसायच्या."

"तात्या शिव्या घालायचे? बोलायचे?"

"बोलायचे म्हंजे? तासभर!"

"आणि चेंडू?"

काकूंनी चकली उलटली. "त्यो मार्चातच गटारीत टाकलाय त्यांनी. मी बघितला की."

मी वहीत सात महिने वीस वेळा, वीस वेळा लिहीत आलो होतो.

संध्याकाळी वर गेलो. बाई स्टुलावर बसून बूट काढत होत्या. एकट्याच. मी विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातलेली. पोराला कळू द्यायचं न्हाय म्हणाले. पयलं फेटा बांधून दाखवणार, मग कळू दे." मग नाडीकडे बघत म्हणाल्या, "आणि तुमच्या घरचा नियम. तुम्ही घातलेला, तुम्ही काढला. मी कोण मोडता घालणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडणी उचलली आणि सतरा पायऱ्या उतरून खाली आणली. तात्या खुर्चीवर होते. बाई मागोमाग उतरल्या, हातात बूट.

"बाई," मी जरा मोठ्यानं म्हणालो, "बूट खालीच काढायचे. पहिल्यासारखे."

"अवो, देव तर हलले की, घरमालक."

"हलले. पण नियम आईचा होता, देवांचा नव्हता."

बाईंनी तात्यांकडे बघितलं नाही. "मग पाळलाच पायजे," म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. तात्यांनी आपली काठी पायरीवरून उचलून भिंतीला लावली. जागा करून दिली.

जाताना फाटकाशी बाई हळूच मला म्हणाल्या, "आणि एक. शनवारी तुम्ही लवकर येताय. तेवढं येऊ नका. तुमच्यासमोर ते हात लावणार न्हाईत. बाप हाय, लाज वाटती."

शनिवारी मी पाचलाच घरी पोचतो. त्या दिवसापासून शनिवारचा एक तास मी कोपऱ्यावरच्या टपरीवर काढू लागलो. तिथून फाटकाच्या गजांमधून फक्त दोन गोष्टी दिसत. बाईंचा लांब केलेला पाय, आणि त्यावर वाकलेलं तात्यांचं पांढरं डोकं. एकदा घड्याळ लावलं. नऊ जोड सोडायला तेवीस मिनिटं. मग एकोणीस. टपरीवाला विचारायचा, "घरात भांडान झालंय काय, साहेब?" मी व्हय म्हणायचो. बाईंसारखं मलाही एक कारण लागत होतं.

संक्रांतीला तीन बटणं. शिमग्याला सहा. सहाही लावून तात्या माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि मी वहीत लिहायचं सोडून त्यांची कॉलर सरळ केली. ती सरळच होती.

फेटा मात्र जमला नाही. पाडव्याला त्यांनी ट्रंकेतून कापड काढलं, आणि बाईंनी आपलं डोकं पुढे केलं. साडी, करवंदी बूट आणि डोक्यावर फेट्याचे दोन वेढे. तिसऱ्या वेढ्याला ताण सुटला. पुन्हा घातला, पुन्हा सुटला. कापडाला सलग ओढ लागते, ती त्या बोटांत राहिली नव्हती. तात्यांनी कापड घडी करून परत ट्रंकेत ठेवलं. बाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. माझी नाडी हाय की."

मेमध्ये बाईंनी खोली सोडली. चंदगडला मोठी बहीण एकटी होती, ती पडली, खुब्याचं हाड मोडलं. करणारं दुसरं कुणी नव्हतं. दोन दिवसांत सामान बांधलं. सामान थोडंच होतं. सकाळी टेम्पो दारात आला, आणि बाई सवयीनं खालच्या पायरीवर बूट घालायला बसल्या.

तात्या खुर्चीतून उठले आणि पायरीवर, त्यांच्या पायाशी बसले. माझ्यासमोर. आमच्या हिच्यासमोर. टेम्पोवाल्यासमोर. नाडी सोडणं वेगळं आणि ओवून आवळणं वेगळं. तात्यांनी तळापासून सुरुवात केली. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिलं बोट, एवढंच धड चालत होतं, बाकीची तीन बोटं नुसती सोबत होती. टेम्पोवाल्यानं एकदा हॉर्न दिला. ही आत जाऊन त्याच्यासाठी पोहे घेऊन आली. एक बूट झाल्यावर बाईंनी दुसरा पाय पुढे केला.

शेवटी तात्यांनी वर जी गाठ मारली ती नेहमीची नव्हती. फेट्याचं टोक मागे खोचतात तसं त्यांनी नाडीचं टोक फिरवून आत कुठेतरी खोचलं. दोन्ही बुटांना तशीच. मग पायावर थोपटलं आणि काठी मागितली.

त्या दिवशी माझी रजा होती. सव्वापाचला तात्या पायरीशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. मी दारातून बघत होतो. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"घरमालक, पोचलो," बाई म्हणाल्या. मागून एक बाई कुणाला तरी मोठमोठ्यानं बोलत होती. "ती माझी बहीण. बुटासकट आत यायचं न्हाय म्हणती. दुपारधरनं उंबऱ्यावर बसलोय. गाठ सुटंना. तात्यांना द्या."

मी तात्यांपुढे फोन धरला. "बाईंचा आहे. गाठ सुटत नाही म्हणतात." सोळा महिने त्यांनी फोनला हात लावला नव्हता. त्यांनी मान हलवून नको म्हटलं. मी फोन तसाच धरून ठेवला. त्यातून बहिणीचं बोलणं ऐकू येत होतं, म्हातारपणी हे सोंग कशाला म्हणून. तात्या ते ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांच्या तोंडाची डावी बाजू हसली. मग त्यांनी फोन घेतला.

"डावा... आदी," ते म्हणाले. शब्द जड, पण कळत होता. "वरचं टोक... न्हवं. त्ये न्हवं वो. आतलं. बोट घाला... आत. मागनं."

पलीकडून बाई काहीतरी म्हणाल्या.

"वडू नका!" तात्या ओरडले. रस्त्यावरून जाणारा इस्त्रीवाला थांबला. "वडल्यावर... घट्ट बसंल आणि. ढकला. ढकला की म्होरं!"

तीस वर्षं रोज स्वतःच्या बुटांची गाठ सोडणारी बाई. वर्षाचे तीनशे बारा दिवस, दोन बूट. गाठींचा आकडा अठरा हजारांच्या पुढे जातो. तिला एक गाठ सुटत नसेल? मी तिथे उभ्या उभ्या एवढा हिशेब केला, आणि तो कुणाला सांगितला नाही. आज पहिल्यांदा सांगतोय.

तात्या खुर्चीवरून उतरून खालच्या पायरीवर बसले होते. फोन कानाला, आणि मोकळा उजवा हात समोर हवेत, पुढे नसलेल्या बुटाची नाडी सैल करत एकेक भोक खाली येत होता.

"सुटली?" त्यांनी विचारलं. थांबले. ऐकलं.

"हां," ते म्हणाले. "आता दुसरा बूट."